निळ्या एलईडीने वर्म आखडवायचाय? सेटअप असा लावा

ऑप्टोजेनेटिक्स, म्हणजे प्रकाशाने पेशी चालू-बंद करणं, म्हटलं की लोकांना लगेच उंदराच्या मेंदूत घातलेली फायबर आणि महागडा लेझर आठवतो, पण सुरुवातीला सी. एलिगन्सच घ्या, जेमतेम एक मिलिमीटरचा पारदर्शक वर्म, लाइट थेट आतपर्यंत पोचतो, चिरफाड काही नाही. स्ट्रेन (वर्मची जनुकीय जात) मागवताना स्नायूंमध्ये चॅनलरोडॉप्सिन, म्हणजे निळ्या प्रकाशाने उघडणारं प्रथिनाचं चॅनल, असलेली मागवा (२००५ मध्ये वर्मवर हेच करून दाखवलं होतं), लाइट लागला की वर्म आखूड होतो, रिझल्ट डोळ्यांनी दिसतो.

आधी रेटिनल, म्हणजे चॅनलला प्रकाश पकडून देणारा रेणू. ते नसेल तर चॅनल चालतच नाही, आणि वर्मकडे स्वतःचं पुरेसं नसतं, म्हणून खाण्यातून द्यायचं. इथेनॉलमधला १०० मिलिमोलर स्टॉक साधारण १ मायक्रोलिटर, ३०० मायक्रोलिटर ओपी५० (वर्मचं खाणं असलेले जिवाणू) कल्चरमध्ये मिसळून प्लेटवर पसरा, एल४ (प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतले) वर्म सोडा, फॉइल गुंडाळून रात्रभर ठेवा. त्याच दिवशी रेटिनल न घातलेली एक प्लेटही लावा, हिचा कंटाळा करू नका.

एलईडी ४७० नॅनोमीटरचा, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर आणि दणकट हीटसिंकसकट, कारण तापला की उजेड उतरतो. पाकिटावरच्या वॅटवर जाऊ नका, पॉवर मीटर प्लेटच्या जागी ठेवून मोजा. चौरस मिलिमीटरला १ मिलिवॅट धरा, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाच्या स्पॉटला साधारण ७८ मिलिवॅट. नुसत्या डोळ्यांनी एलईडीकडे बघायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

मायक्रोस्कोपच्या पांढऱ्या दिव्यातही निळा असतोच, त्याने चॅनल आधीच उघडे राहतात, म्हणून दिव्यावर लाल फिल्टर लावा. कॅमेऱ्यापुढे निळा अडवणारा फिल्टर लावला की व्हिडिओ स्वच्छ येतो, पण मग एलईडी कधी लागला तेच कळत नाही! त्यावर सोपा जुगाड, निळा एलईडी चालू-बंद करणाऱ्या आर्डुइनोच्या (छोट्या कंट्रोलर बोर्डच्या) त्याच ट्रिगरवर छोटा लाल एलईडी जोडून फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवा.

आता बिनरेटिनलची प्लेट. तिच्यातले वर्म पण लाइट लागताच पळायला लागले तर तो चॅनलचा प्रताप नाही, वर्मला लाइट-१ नावाच्या रिसेप्टरमुळे निळा प्रकाश जाणवतो आणि तो पळतो. मग उजेड कमी करा, नाहीतर तुमची स्ट्रेन लाइट-१ म्युटंटशी (ज्यात हा रिसेप्टर चालत नाही) क्रॉस करून घ्या. आणि रेटिनलवालेच ढिम्म असतील तर एलईडी बदलण्याआधी नवीन स्टॉक वापरून बघा, रेटिनल उजेडात लवकर खराब होतं.