आयथ्री सोडून स्वेवर गेलो, दोन स्क्रीनचा घोळ मिटला

लॅपटॉपची स्क्रीन १४ इंची पण ४के, बाजूला २४ इंची साधा फुल एचडी मॉनिटर. आयथ्रीवर (लिनक्समध्ये खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम, म्हणजे विंडो मॅनेजर) लॅपटॉपची अक्षरं वाचता येतील इतकी मोठी केली की मॉनिटरवर नुसते ढोबळे दिसायचे, कारण एक्स ११ मध्ये (स्क्रीनवर चित्र दाखवणारी लिनक्सची जुनी यंत्रणा) एक्सएफटी डॉट डीपीआय, म्हणजे अक्षरांच्या आकाराची सेटिंग, सगळ्या स्क्रीनना मिळून एकच. एक्सरॅंडर या स्क्रीन सेट करायच्या कमांडचा स्केल लावून बघितला, अक्षरं धुरकट.

आधी डीडब्ल्यूएम हा दुसरा विंडो मॅनेजर बघितला. हलका आहेच, मास्टर-स्टॅकमध्ये (एक मोठी खिडकी, बाकीच्या बाजूला एकाखाली एक) खिडक्या आपोआप बसतात, पण जरा काही बदलायचं तर कॉन्फिग डॉट एच ही सेटिंगची फाइल उघडा, परत कंपाइल करा, आणि तोही एक्सवरच चालतो म्हणजे आमचा प्रॉब्लेम जागच्या जागी. एक्समोनॅड या तिसऱ्या विंडो मॅनेजरचं तेच, वर त्याची सेटिंग हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत (त्याच्या नादाला लागायला वेळ कुणाकडे आहे!).

शेवटी स्वे. वेलॅंडवर (एक्सच्या जागी आलेली नवी यंत्रणा) चालतो आणि आयथ्रीचीच कॉन्फिग फाइल वाचतो, त्यामुळे बोटांना सवयीच्या कीज तशाच राहिल्या. फाइलमध्ये लॅपटॉपच्या स्क्रीनला 'आउटपुट ईडीपी-१ स्केल २' आणि मॉनिटरला 'स्केल १' टाकलं, रीलोड मारला, झालं काम.

एक्सरॅंडर, फेह (वॉलपेपर), सेटएक्सकेबीमॅप (कीबोर्ड) या एक्सच्या कमांडच्या ओळी मात्र काढाव्या लागतात. आता वॉलपेपर आउटपुटच्या बीजीने, मराठी कीबोर्ड इनपुट ब्लॉकमधल्या एक्सकेबी_लेआउटने, स्क्रीनशॉटला ग्रिम आणि स्लर्प (भाग निवडायला) ही टूल्स. एक्सवेलॅंडवर (एक्सची ॲप्स वेलॅंडमध्ये चालवणारा दुवा) चालणारी जुनी ॲप्स ४के स्क्रीनवर अजून धुरकटच दिसतात, त्यांना मी मॉनिटरवर ढकलून देतो.