टीममधली मानसिक सुरक्षितता मोजताय? या चुका टाळा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कुठल्याही शेडमध्ये सुपरवायझरने "काही अडचण आहे का?" विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "काही नाही साहेब, सगळं बरोबर." सर्व्हेचा फॉर्म नीट बनवला नाही तर त्यावरही हेच उत्तर मिळतं, फक्त आकड्यांत.

चूक कबूल केली, प्रश्न विचारला किंवा मदत मागितली तर आपल्याला हिणवलं जाणार नाही, ही टीममधल्या लोकांची सामाईक समजूत म्हणजे मानसिक सुरक्षितता. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमच्या अभ्यासात तिच्यासाठी सात विधानांची मोजपट्टी मांडली. उत्तरं १ ते ७: १ म्हणजे अजिबात पटत नाही, ७ म्हणजे पूर्ण पटतं. अजूनही बहुतेक ठिकाणी तीच चालते. दिसायला सोपी आहे, म्हणून एचआरवाले दुपारच्या चहाआधी फॉर्म बनवून मोकळे होतात आणि तिथेच घोटाळा होतो.

भाषांतरातला 'धोका'

सर्वांत महाग पडणारी चूक हीच, कारण ती निकालात दिसत नाही. सातांपैकी एक विधान आहे की या टीममध्ये जोखीम घेणं सुरक्षित आहे. याचं 'धोका पत्करायला हरकत नाही' असं मराठी करून नंदेसरीच्या केमिकल प्लान्टमध्ये वाटलं, तर हेल्मेट-गॉगल घातलेला ऑपरेटर १ वर खूण करणार, आणि त्याचं बरोबरच आहे! मागे भिंतीवर 'सेफ्टी फर्स्ट'ची पाटी असते. त्याला धोका म्हणजे उघडा राहिलेला व्हॉल्व्ह. विधानाला मात्र बोलण्यातली जोखीम विचारायची आहे. 'मनात आलेली शंका मी या टीममध्ये बोलून दाखवली तर माझं नुकसान होणार नाही' असं लिहा. शब्द असे बदलल्यावर बाहेरच्या छापील आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही. आपल्याच टीमशी, आपल्याच मागच्या वेळेशी करा.

भाषांतर एकाने करावं. मूळ फॉर्म न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं. दोन्ही इंग्रजी ताडून पाहावीत. मग पाच-सहा कामगारांना विधानं मोठ्याने वाचायला सांगून "तुम्हाला काय समजलं?" एवढंच विचारावं. हा शेवटचा टप्पा अर्ध्या तासाचा असतो, आणि नेमका तोच गाळला जातो.

वडोदऱ्यात आणखी एक गोम आहे. इथली कितीतरी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. घरात मराठी बोलणारा माणूस गुजराती माध्यमात शिकलेला असतो आणि गुजराती लिपी झरझर वाचतो. आडनाव शिंदे आहे म्हणून मराठी फॉर्म हातात देऊ नका. गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही ठेवा आणि ज्याचा त्याला निवडू द्या.

उलटी विधानं सरळ मोजणं

सातांपैकी पहिलं, तिसरं आणि पाचवं विधान उलटं आहे: चूक झाली की ती मागाहून ऐकवतात, वेगळ्या माणसाला दूर ठेवतात, मदत मागणं अवघड जातं. यांचे गुण ८ मधून वजा करून घ्यायचे (१ ते ५ ची पट्टी असेल तर ६ मधून). एकाने २, ६, १, ५, २, ६, ६ असं भरलं, तर उलटवल्यावर बेरीज ४२ आणि सरासरी ६. उलटवायचं राहिलं तर बेरीज २८, सरासरी ४. चांगली टीम कागदावर मध्यम होऊन बसते.

सातही ठिकाणी एकच आकडा असलेले फॉर्म बाजूला काढा. सगळीकडे ७ म्हणजे 'चूक ऐकवतात' हेही मान्य आणि 'अडचण बोलता येते' हेही मान्य. असा फॉर्म बहुधा न वाचताच भरलेला असतो. असे बरेच निघाले तर चूक भरणाऱ्यांची नाही, फॉर्म कधी आणि कोणासमोर भरून घेतला ते पाहा.

नुसती सरासरी

आठ जणांची टीम. पाच कायम कामगारांचे गुण ६, तीन कंत्राटी कामगारांचे २. सरासरी ४.५. शेजारच्या टीममध्ये सगळे ४ किंवा ५ वर, तिचीही सरासरी ४.५. एक्सेलमध्ये प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून किती विखुरली आहेत ते सांगणारा आकडा) काढलं तर पहिल्या टीमचं २.०७ येतं. १ ते ७ या आकड्यांवर उत्तरं सारखी विखुरली तरी ते साधारण २ च येतं. म्हणजे पहिल्या टीममध्ये सामाईक समजूतच नाही, आणि तिथे ४.५ या आकड्याला अर्थ नाही. त्या टीमचा आकडा जाहीर करण्याऐवजी फूट कुठे आहे ते शोधा.

फॉर्मवर 'टीम' म्हणजे कोण हेही लिहा. बी शिफ्टमधले तुमच्यासोबतचे लोक, की अख्खं पॅकिंग खातं? दोघांची उत्तरं वेगळी येतात.

नाव नाही, पण ओळख पटते

नाव विचारलं नाही, पण वय, शिफ्ट आणि स्त्री की पुरुष विचारलं, तर टीममधली एकुलती एक बाई लगेच सापडते. गुगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना, तपासा. पाचपेक्षा कमी उत्तरांचा निकाल वेगळा दाखवू नका. वजाबाकीही लक्षात ठेवा: १२ जणांच्या खात्याचा आणि त्यातल्या ८ जणांचा निकाल दिला, की उरलेल्या चौघांचा कोणीही काढू शकतो.

इन्क्रिमेंटच्या महिन्यात सर्व्हे नको. आणि टीमचे गुण सुपरवायझरच्या बोनसला जोडले की संपलंच, तो स्वतः फिरून "सात लिहा हं" सांगेल.

मनःस्वास्थ्याशी नातं जोडताना

मनःस्वास्थ्य मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची यादी सोयीची आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं, १०० पैकी आकडा मिळतो. ५० किंवा खाली आला तर अधिक चौकशी करावी. ते निदान नव्हे. पाचांतला एक प्रश्न सकाळी ताजंतवानं वाटतं का, हा आहे. आता नवरात्रात किंवा लगेच नंतर हा फॉर्म वाटून पाहा! नऊ रात्री गरबा खेळून आलेला माणूस ४ ऐवजी १ लिहितो, आणि एकट्या त्या उत्तराने १२ गुण खाली येतात. तेव्हा टीमला बोल लावण्यात अर्थ नसतो. रात्रपाळीचा आठवडाही असाच टाळावा.

दोन्ही फॉर्म एकाच बैठकीत भरून घेतले की त्या दिवशीचा मूड दोन्हीकडे उतरतो आणि नातं आहे त्याहून घट्ट दिसतं. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. नातं दिसलं तरी कारण कोणतं, हे त्यातून ठरत नाही. मनाने थकलेल्याला टीमही परकी वाटते, आणि कामाचा बोजा तर दोन्ही बिघडवतो. म्हणून ओव्हरटाइमचे तास शेजारच्या रकान्यात ठेवा. नऊ टीमच्या सरासऱ्यांवरून सहसंबंध काढून साहेबांना स्लाइड दाखवू नये. एक टीम वगळली तरी चित्र पालटतं.

फॉर्म निनावी असल्यामुळे कमी गुण आलेल्याला तुम्ही शोधू शकत नाही आणि शोधूही नये. तळाशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक छापा.

सगळीकडे ६.८ आलं तर

खूश होण्याआधी निअर-मिसची, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची, नोंदवही उघडा. एडमंडसन यांच्याच आधीच्या रुग्णालयांवरच्या कामात चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या, कारण तिथे त्या सांगता येत होत्या. सर्व्हेत ६.८ आणि वहीत तीन महिने एकही नोंद नाही, तर फॉर्म परत भरून घेण्याची घाई करू नका. ती वही मॅनेजरच्या केबिनमध्ये आहे का ते पाहा, आणि तशी असेल तर बाहेर पाण्याच्या कूलरजवळ टांगा.