पुराभिलेखागारात मुलांना नेण्याआधी

नववीचा वर्ग नागपूरच्या पुराभिलेखागारात न्यायचा असेल, तर सगळ्यात आधी एक प्रश्न हातात हवा. "जुने कागद बघून येऊ" म्हणून गेलेली मुलं तासाभरात कंटाळतात. मी १९२३ चा झेंडा सत्याग्रह घेते. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या लोकांना पोलीस अडवून पकडायचे, आणि आमची निम्मी मुलं आज त्याच भागातून शाळेत येतात. मागच्या वर्षी एकीने विचारलं, "झेंडा नेल्याने सरकारचं काय बिघडत होतं?" बस, तोच प्रश्न घेऊन गेलो.

शाळेच्या लेटरहेडवर अर्ज महिनाभर आधी द्या. त्यात विषय आणि साल लिहा, म्हणजे तिथल्या लोकांना फाइल शोधता येते. फोटो काढू देतात का, तेही तेव्हाच विचारून घ्या. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सला बंदोबस्त असतो, म्हणून जानेवारी बरा. पेन घरी, पेन्सिली सोबत. डबा, पाण्याची बाटली बाहेर. हात धुऊन कोरडे केलेले हवेत; शंभर वर्षांचा कागद कडेला नुसत्या बोटानेही तुटतो.

जाण्याआधी वर्गात एकाच कागदावर पूर्ण तास घालवा. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' संकेतस्थळावरून एखादं पान घ्या. कोणी लिहिलं, कोणाला, कधी, आणि समासात दुसऱ्याच अक्षरात काय खरडलंय? मुलं मजकुरापेक्षा त्या समासातच रमतात, आणि रमू द्यावं. वरच्या साहेबाला खरं काय वाटलं ते बहुतेक वेळा तिथेच असतं. भोसलेकाळात शिरायचं असेल तर मोडी लागेल. आधी ओढलेली शिरोरेघ, शब्दांमध्ये जागाच नाही. निदान स्वतःचं नाव मोडीत लिहायला शिकवून न्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका. फाइल सरकारची आहे, तिथे सत्याग्रही म्हणजे 'आरोपी'. म्हणून त्या काळच्या 'महाराष्ट्र' वृत्तपत्रातली बातमी शोधून शेजारी ठेवा आणि दोन्हीकडे तोच माणूस कोणत्या शब्दाने येतो ते वहीत समोरासमोर लिहायला सांगा. ती वही परतल्यावर लगेच तपासू नका. आठवडाभर मुलांकडेच राहू द्या. आमच्या एका मुलाने तेवढ्यात आजोबांच्या पेटीतला जमिनीचा कागद आणून दाखवला.