गर्दीत कोणाचे पाकीट मारले जाताना दिसले तर काय करावे

संध्याकाळच्या वेळी कल्याणच्या दिशेने जाणारी जलद लोकल दादर सोडते, तेव्हा डब्यातल्या प्रत्येकाचे अंग दुसऱ्या कोणाच्या तरी अंगाला टेकलेले असते, आणि म्हणूनच खिशात शिरलेला परका हात ज्याचा खिसा आहे त्याला जाणवत नाही. तो दिसतो दोन माणसे सोडून उभ्या असलेल्या तिऱ्हाइताला. अशा वेळी बहुतेक जण नजर वळवतात आणि काही जण एकदम "चोर, चोर" असे ओरडतात. पहिल्या प्रकारात पाकीट जाते. दुसऱ्या प्रकारातही ते बहुधा जातेच, आणि शिवाय भलत्याच माणसाला मार बसण्याची शक्यता निर्माण होते.

हा लेख त्या तिऱ्हाइतासाठी आहे. लोकल, बेस्टची बस आणि एसटी या तीन ठिकाणी होणाऱ्या भुरट्या चोऱ्यांपुरताच तो मर्यादित आहे. चाकू दाखवून होणारी लूट वेगळी, तिथे ऐवज देऊन जीव वाचवावा, एवढेच सांगण्यासारखे आहे. पाकीटमारी पाहणाऱ्याने मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी, ती म्हणजे आपले काम चोर पकडण्याचे नसून चोरी फसवण्याचे आहे.

आधी नीट पाहा

संशय येणे आणि दिसणे यांत फरक आहे. हात खिशात जाताना, पर्सची चेन सरकताना किंवा वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना तुम्ही स्वतः पाहिली असेल, तरच तुम्ही साक्षीदार आहात. पाकीटमार सहसा एकटा नसतो. एक जण उतरण्याचे निमित्त करून धक्का देतो, दुसरा आडवा उभा राहून वाट अडवतो, तिसरा हात घालतो आणि मिळालेली वस्तू लगेच चौथ्याकडे जाते. त्यामुळे ज्याचा हात तुम्ही पाहिला त्याच्या अंगावर वस्तू सापडेलच असे नाही, हे लक्षात ठेवावे.

ओळखण्याच्या काही खुणा आहेत. दाराशी डब्यात जागा असूनही एखाद्यालाच चिकटून उभे राहणे, दुमडलेले वर्तमानपत्र, रिकामी रेक्झिनची बॅग किंवा ओढणी हातावर आडवी धरून खालचा हात झाकणे, आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बुडालेले असताना नजर इतरांच्या कमरेवर फिरत राहणे. स्थानक जवळ आले की हालचाल सुरू होते, कारण लोकल फलाटावर अवघे वीस-तीस सेकंद थांबते आणि तेवढ्यात वस्तू घेऊन उतरता येते.

कपडे, भाषा, रंग किंवा मळकटपणा या खुणा नव्हेत. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले, आणि तो डाग कागदावरून पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस उजाडावा लागला. महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्तांना स्टँडवर आणि फलाटावर लोकांची जी नजर सोसावी लागते, ती त्या कायद्याहून जास्त टिकाऊ निघाली आहे. इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला पाकीटमार लोकांना सापडत नाही तो याच कारणाने.

हाक मालकाला द्या, चोराला नव्हे

हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि त्याला दोन सेकंद पुरतात. ज्याची वस्तू जात आहे त्याला थेट, सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात आणि कोणावरही आरोप न करता हाक द्यावी. "काका, पाकीट सांभाळा." "ताई, पर्सची चेन उघडी आहे." "दादा, बॅग पुढे घ्या." लोकलमध्ये हे शेवटचे वाक्य दिवसातून शंभरदा उच्चारले जाते, त्यामुळे त्याने कोणाचा संताप उसळत नाही, पण ज्याचा हात बॅगेत आहे त्याला ते बरोबर कळते. पाकीटमाराचे सगळे भांडवल म्हणजे कोणाचेच लक्ष नसणे. तुमचे लक्ष आहे एवढे त्याला समजले की बहुतेक वेळा हात मागे येतो.

मालक लांब असेल आणि हाक पोहोचत नसेल, तर शेजारच्या माणसाला सांगावे आणि त्याने पुढच्याला सांगावे. चर्चगेट किंवा बदलापूर, कुठल्याही बाजूच्या गाडीत तिघांच्या बाकावर "चौथी सीट" मागणारा निरोप जसा हातोहात पुढे जातो, तसाच हाही जातो.

डोळे वटारून चोराकडे पाहत राहणे टाळावे. त्याला तुमचा चेहरा लक्षात राहतो, आणि तुम्ही रोज त्याच वेळच्या गाडीने जाणारे असाल तर ते बरे नव्हे. चेहरा तुम्ही त्याचा लक्षात ठेवायचा आहे.

पाकीट 'पडू' द्या

हात मागे आला नाही आणि वस्तू गेलीच, तरी ती डब्यातच आहे तोवर परत मिळू शकते. इथे एक जुनी युक्ती कामाला येते. काही वर्षांपूर्वी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांचा मागचा खिसा हलका झाला. मी काही बोलायच्या आत डब्याच्या मधोमध बसलेल्या, बहुधा रोजच्याच असलेल्या एका वयस्कर बाईंनी, भाजी निवडता निवडता, मान वर न करता मोठ्याने म्हटले, "कुणाचं तरी पाकीट खाली पडलंय, पायाखाली बघा बरं जरा." सगळ्यांनी खाली पाहिले. तिथे काहीच नव्हते. पुन्हा पाहिले, तेव्हा दोन चपलांच्या मध्ये काळ्या चामड्याचे पाकीट होते, घडी उलटी, आतल्या पैशांसकट. ते कोणी टाकले हे कोणी विचारले नाही. बाईंनी गवारीच्या शेंगेची शीर ओढून काढली आणि पुढची शेंग घेतली.

चोराला वस्तू टाकून देण्याची वाट मोकळी ठेवली की तो बहुधा ती वाट घेतो, कारण मुद्देमालासह सापडणे त्याला सर्वांत महागात पडते. त्याला कोंडीत पकडले तर मात्र तो झटापट करतो. खिसा कापणाऱ्याच्या बोटांत ब्लेडचा तुकडा असतो हे विसरू नये. चोरी करताना किंवा ऐवज घेऊन पळताना चोराने कोणाला इजा केली, तर कायद्याच्या भाषेत ती साधी चोरी राहत नाही, जबरी चोरी होते. पण ती जखम तुमच्या मनगटावर झालेली असते.

काही गोष्टी अजिबात करू नयेत. सुटणाऱ्या गाडीतून चोराच्या मागे उडी मारू नये. दारात उभ्या असलेल्याच्या हातावर रुळालगतच्या खांबावरून काठीचा फटका मारून मोबाइल पाडणाऱ्या टोळ्यांमुळे मुंबईत प्रवाशांना गंभीर इजा झाल्या आहेत. खाली पडलेल्या फोनसाठी गाडीतून उतरणे म्हणजे फोनच्या किमतीत पाय देणे. तसेच दोन स्थानकांच्या मध्ये साखळी ओढू नये. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४१ नुसार पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि चोरी हे कारण पुरेसे मानले गेले तरी रुळांवर थांबलेल्या गाडीतून चोराला उतरणे सोपेच जाते. पुढच्या स्थानकापर्यंत थांबावे. ज्या महिलांच्या डब्यात गार्डशी बोलण्याचे बटण बसवलेले असते, तिथे ते वापरावे.

एसटीत आणि बेस्टमध्ये वाहकाला सांगा

बसमध्ये परिस्थिती वेगळी आहे, कारण तिथे दार बंद करता येते. एसटीतल्या चोऱ्यांचा ठरलेला क्षण म्हणजे बस फलाटाला लागल्यावर दाराशी होणारी रेटारेटी. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागल्यावर लग्नसराईत आणि सुट्ट्यांत ती आणखी वाढलेली दिसते, आणि गळ्यातली पोत किंवा पर्समधली दागिन्यांची डबी तिथेच लंपास होते. बाईंच्या लक्षात येते ते तिकीट काढायला पर्स उघडल्यावर, म्हणजे बस स्टँडबाहेर पडल्यानंतर.

अशा वेळी पाहणाऱ्याने ताबडतोब वाहकाला सांगावे. त्याने घंटी वाजवून गाडी थांबवली तरी दार उघडू देऊ नये. पुढचे मागचे कोणी उतरणार नाही अशा बेताने बस थेट जवळच्या पोलीस ठाण्यात नेण्याचा प्रघात राज्यात जुना आहे आणि तो उपयोगी आहे. प्रवासी कुरकुर करतील, उशीर होईल. तेव्हा वाहकाच्या बाजूने बोलणारे दोन-तीन आवाज लागतात आणि तुमचा त्यांतला एक असावा. पोलीस येण्यापूर्वी प्रवाशांनी एकमेकांच्या पिशव्या उपसू नयेत. महिलेची अंगझडती महिलेनेच, सभ्यता राखून घ्यायची असते आणि ते पोलिसांचे काम आहे. ठाण्याच्या आवारात बस वळली की सीटखाली पोत सापडल्याच्या हकिकती कोणत्याही जुन्या वाहकाला विचाराव्यात.

माणूस हाती लागला तर

डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही अटक करू शकतो, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये म्हटले आहे. मात्र त्याला विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. लहान रकमेच्या चोरीला ही वर्गवारी लागू होईलच असे नाही आणि पाकिटात किती होते हे पकडणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून हा अधिकार आहे एवढ्यावर विसंबून झडप घालू नये. चार जणांनी भोवती उभे राहून वाट अडवली तरी पुरते.

यापुढचा धोका चोराचा नसून गर्दीचा आहे. पकडलेल्या माणसावर हात साफ करून घेणाऱ्यांत चोरी पाहिलेला एकही नसतो, हे मी दोनदा पाहिले आहे. त्यांतल्या एका वेळी मार खाणारा मुलगा फक्त धक्का लागून पळत सुटला होता. मारहाण हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो चोरीची तक्रार करणाऱ्याच्याही अंगाशी येऊ शकतो. अशा वेळी ठाम आवाजात सांगावे, "हात लावू नका, पोलिसांना बोलावले आहे," आणि खरोखरच बोलवावे. पकडलेला अठरा वर्षांखालचा वाटत असेल तर तेही पोलिसांना स्पष्ट सांगावे. बालन्याय कायद्यानुसार त्याला कोठडीत ठेवता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि लहान मुलांच्या हातून चोरी करवून घेणारा मोठा माणूस बहुधा त्याच डब्यात उभा असतो.

तक्रार आणि जबाब

रेल्वेत खाकी गणवेश दोन प्रकारचे दिसतात. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे असते, तर प्रवाशांच्या चोरीचा गुन्हा नोंदवतात ते राज्याचे लोहमार्ग पोलीस. लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक १५१२, रेल्वेचा १३९ आणि कोठूनही चालणारा ११२. फोनवर गाडीचे शेवटचे स्थानक, जलद की धीमी, डबा पुढून कितवा, पुढचे स्थानक कोणते आणि माणसाचे वर्णन, या क्रमाने सांगावे. शर्टाच्या रंगापेक्षा चप्पल-बूट लक्षात ठेवणे बरे, कारण शर्टावर दुसरा शर्ट लगेच चढवता येतो, बूट बदलणे अवघड जाते.

गाडी कोणत्या हद्दीत होती हा वाद तक्रारदाराने घालायचा नाही. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते, आणि तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेत चोरीला कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत, तर प्रवासी वाहनातून वस्तू चोरण्याला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने पाच हजारांहून कमी किमतीचा ऐवज परत केला तर त्याला समाजसेवेची शिक्षा मिळते. कोणते कलम लावायचे हे पोलिसांवर सोडावे. ज्याचा फोन गेला आहे त्याला मात्र रांगेत उभे असतानाच सिम बंद करायला, बँकेला कळवायला आणि नंतर सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरून फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख) क्रमांक रोखायला सांगावे. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

साक्षीदाराने गाडीतून उतरताच वेळ, जागा आणि दिसलेला क्रम स्वतःच्या शब्दांत मोबाइलमध्ये टिपून ठेवावा, कारण दोन दिवसांनी आपण पाहिलेले आणि इतरांनी सांगितलेले यांची सरमिसळ होते. चित्रफीत काढली असेल तर ती मूळ फोनमध्येच राहू द्यावी, पोलिसांना द्यावी आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर साक्षीदाराने सही करायची नसते, तो वाचून मात्र घ्यावा. महिलांना आणि साठीपुढच्या पुरुषांना जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, त्यांच्या राहत्या ठिकाणी येऊन तो घ्यावा लागतो. पुढे ओळख परेडला बोलावले आणि खात्री नसेल, तर "ओळखता येत नाही" हेच उत्तर द्यावे. न्यायालयात साक्षीला गेल्यावर वाजवी खर्च देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, तेव्हा त्या दिवशीचे तिकीट टाकून देऊ नये.