वजनाच्या ऑपरेशनची भीती कशी कमी करावी आणि नंतर कसं सावरावं

वजन कमी करण्याच्या, म्हणजे बेरिएट्रिक, ऑपरेशनची तारीख ठरली की अनेकांची झोप उडते. डाएट, जिम, काढे, पहाटेचं चालणं सगळं वर्षानुवर्षं करून झालेलं असतं, निर्णयही पुरता विचार करून घेतलेला असतो. तरी रात्री दोन वाजता मनात येतंच, 'टेबलावरून उठलेच नाही तर?' अशी भीती वाटण्यात काहीही कमीपणा नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर या रुग्णांसोबत काम करते. माझं मत ठाम आहे: ऑपरेशन थिएटरचे व्हिडिओ बघून धडधड वाढते, आणि घरी परतल्यावरच्या पहिल्या सहा आठवड्यांची तयारी आधीच करून ठेवली की ती उतरते.

१. भीती वहीत लिहून काढा

नुसतं 'मला भीती वाटते' म्हटलं तर डॉक्टर 'काळजी करू नका' एवढंच म्हणू शकतात. त्यामुळे नेमकी कशाची भीती वाटते ते लिहा. भुलेची? टाके सुटण्याची? पैशांची? एवढं करून वजन उतरलंच नाही तर, याची? लोक काय म्हणतील याची? की पुरणपोळी पुन्हा कधी पोटभर खाता येणार नाही याची? हे शेवटचं सांगायला माणसं लाजतात. पण ज्या जेवणाने आजवर एकटेपणात आणि ताणात साथ दिली ते बदलणार असेल, तर त्याचं दुःख होणं साहजिक आहे. तेही लिहा.

मग प्रत्येक प्रश्न योग्य माणसाकडे न्या. भुलेचा प्रश्न भूलतज्ज्ञाकडे, टाके सुटून होणाऱ्या गळतीचा सर्जनकडे, खाण्याचा आहारतज्ज्ञाकडे, रात्रीच्या घाबरण्याचा मानसोपचारतज्ज्ञाकडे. पूर्वी पॅनिक अटॅक, नैराश्य किंवा बकाबका खाण्याचे झटके येऊन गेले असतील तर लपवू नका. त्यामुळे ऑपरेशन नाकारलं जाईल असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा मात्र उपचार करून, मन स्थिर झालं की पुढे जाता येतं.

मृत्यूच्या भीतीबद्दल आकड्यातच बोलावं. अनुभवी टीमकडे या ऑपरेशनातला मृत्यूचा धोका साधारण हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या किंवा गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास मानला जातो. तो शून्य नाही, आणि वय, वजन, हृदय, फुफ्फुसं पाहता तुमच्यासाठी वेगळा असू शकतो. सर्जनना थेट विचारा: माझा धोका किती? तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल?

आपलं ऑपरेशन कोणतं, हेही नीट समजून घ्या. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ज्यांना मुळातच छातीत फार जळजळ होते त्यांची जळजळ स्लीव्हनंतर वाढू शकते. तुम्हाला तो त्रास असेल तर बायपासबद्दल जरूर विचारा.

पैशांची काळजीही आधीच मिटवा. विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरावीक कलमानुसार १८ वर्षं किंवा त्यापुढच्या व्यक्तीचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ किंवा जास्त असून सोबत अनियंत्रित टाइप २ मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा हृदयविकार असेल आणि इतर उपाय फसले असतील, तर या ऑपरेशनचा खर्च वगळलेल्या खर्चांत मोडत नाही. पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ मात्र तपासा आणि मंजुरी लेखी मिळवा.

२. आधीचे दोन आठवडे

बहुतेक ठिकाणी ऑपरेशनआधी सुमारे दोन आठवडे कमी कॅलरीचा, भरपूर प्रथिनांचा आहार देतात. याचं कारण यकृत. लठ्ठपणात त्यात चरबी साठून ते फुगतं आणि जठरावर झाकण घालून बसतं. या आहाराने ते आकसतं आणि ज्या दुर्बिणीतून ऑपरेशन होतं तिला वाट मिळते. 'आता शेवटचंच' म्हणून रोज हॉटेलात जाणं म्हणूनच धोक्याचं.

तंबाखू, सिगारेट, गुटखा, मिश्री बंद, आणि शक्य तितक्या आधी. सहा आठवडे मिळाले तर उत्तम. मिश्रीला आपल्याकडे कुणी व्यसन धरत नाही, पण निकोटीन ते निकोटीनच. ते जखम भरू देत नाही आणि बायपासनंतर अल्सर करतं.

औषधांची यादी करा. शुगर आणि बीपीच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक, आयुर्वेदिक चूर्णं, वजन कमी करण्याचं इंजेक्शन, सगळं त्यात येऊ द्या. वजनाच्या काही इंजेक्शनांमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून भूलतज्ज्ञांना ते माहीत असलंच पाहिजे. झोपेत श्वास अडकू नये म्हणून सीपॅप मशीन लावत असाल तर ते बॅगेत पहिलं टाका.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं साधन, आणून रोज सराव करा. सावकाश आत ओढलेल्या श्वासाने फुफ्फुसं तयार होतात आणि जीवही शांत होतो.

३. घर तयार करा

आपल्या घरांत प्रेम ताटातून व्यक्त होतं. 'एवढंसं खाऊन कसं होईल? माझ्यासाठी एक घास' हे वाक्य ऑपरेशननंतर दिवसातून दहादा ऐकावं लागतं, आणि तो एक घास खरोखरच उलटी करवतो. म्हणून आई, सासूबाई, नवरा किंवा बायको, जे स्वयंपाकघर सांभाळतात त्यांना एकदा तरी आहारतज्ज्ञाकडे सोबत न्या. पाहुण्यांना थोपवण्याचं काम घरातल्या एका माणसाकडे द्या.

कुणाला सांगायचं हा सर्वस्वी तुमचा निर्णय. 'खाण्यावर ताबा नाही म्हणून कापून घेतलं' असं बोलणारे भेटतील. लठ्ठपणा हा आजार आहे. नितीन गडकरींनी २०११ मध्ये हे ऑपरेशन करून घेतलं आणि ते त्याबद्दल उघडपणे बोलले आहेत. तुम्हाला बोलायचं नसेल तर 'पोटाचं ऑपरेशन झालंय' एवढं पुरे.

४. आदली रात्र

उपाशी राहण्याच्या वेळा कागदावर लिहून घ्या आणि त्याच पाळा, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, हवी असेल तर भूलतज्ज्ञांकडे मागा. अंथरुणावर पडून चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास सोडणं लांबलं की धडधड कमी होते.

ऐनवेळी 'नको' वाटलं तर? आदल्या रात्रीची घबराट बहुतेकांना होते आणि धीराचे चार शब्द ऐकून ओसरते. पण आठवडाभर मन सतत मागे ओढत असेल, किंवा घरच्यांच्या दबावाखाली होकार दिला असेल, तर तारीख पुढे ढकला. हे ऑपरेशन सहसा तातडीचं नसतं, आणि चांगला सर्जन यावरून रागावत नाही.

५. हॉस्पिटलातले दिवस

जागं झाल्यावर टाक्यांपेक्षा खांदा दुखतो म्हणून रुग्ण घाबरतात. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल चाळवतं आणि ती दुखी खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत जाते, चालल्याने लवकर जाते. चालणं त्याच संध्याकाळी सुरू होतं. पायांत गुठळी होऊ नये यासाठी चालण्यासारखं दुसरं काही नाही, त्यामुळे नर्स उठवायला आली की कंटाळा करू नका. दोन-तीन दिवसांत बहुतेकजण घरी जातात. बैठं काम दोन-तीन आठवड्यांत जमतं. पाण्याने भरलेली बादली, सिलिंडर, कडेवरचं मूल यांना सहा आठवडे हात लावू नका.

६. पहिले सहा आठवडे: काय प्यावं, काय खावं

तुमच्या टीमचा तक्ता वेगळा असेल तर तोच खरा. सर्वसाधारण क्रम असा असतो.

पहिले एक-दोन दिवस गाळलेलं सूप, वरणाचं वरचं पाणी, बिनसाखरेचं लिंबूपाणी. मग दुसरा आठवडा संपेपर्यंत पातळ पदार्थ: ताक, साय काढलेलं दूध, मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, प्रोटीन पावडर. नाचणीची आंबील पोटाला छान असते, पण तिच्यात प्रथिनं थोडी. दिवसभर आंबिलीवर राहून 'मी पौष्टिकच घेते' म्हणणाऱ्यांना अशक्तपणा येतो. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. सुरुवातीला ती पावडरीशिवाय जमत नाहीत, आणि त्यात कसलाही अपमान नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं: घट्ट वरण, दह्यात कालवलेलं पनीर, मऊ अंडं, वाटलेला मासा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि या दिवसांत एक अंडं हेच अख्खं जेवण होतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ शिजलेलं. पोळी, भाकरी, पाव आणि चिकट भात सगळ्यात शेवटी, कारण त्यांचा लगदा होऊन घास अडकतो. भाकरीवाचून जेवल्यासारखं वाटत नाही, हे मी रोज ऐकते. त्या माणसांना मी आमटी आधी, भाजी मग आणि भाकरीचा तुकडा शेवटी असा क्रम लावून देते.

पाणी हा या काळातला सगळ्यात मोठा झगडा असतो. घरी गेलेले रुग्ण पुन्हा दाखल होतात त्याचं एक मोठं कारण शरीरातलं पाणी कमी होणं हेच आहे. दीड ते दोन लिटर गाठायचं, तेही घोट-घोट. बाटली सतत जवळ ठेवा. जेवताना पाणी नको, आणि जेवणानंतर अर्धा तास थांबा. सोडा आणि कोल्ड्रिंक बंद. हरतालिकेचा निर्जळी उपास किंवा साबुदाण्याची एकादशी पहिलं वर्षभर तरी करू नका. देवाला तब्येत कळते.

प्रत्येक घास पुरता चावा. उचकी, नाक गळणं, छातीत दाटल्यासारखं होणं ही पोट भरल्याची खूण आहे. तिथेच थांबा. बायपास झालेल्यांनी गुलाबजाम, श्रीखंड जपून घ्यावं. साखर झपाट्याने आतड्यात उतरली की घाम, थरथर, कळा, जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात.

७. ही लक्षणं दिसली तर लगेच फोन

बसल्या जागी नाडी १२० च्या वर राहणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप: ही गळतीची लक्षणं असू शकतात. पोटरी सुजून दुखणं किंवा छातीत एकाएकी कळ म्हणजे गुठळीची शंका. पाणीही न टिकणं, काळी शौच, लघवी फार कमी होणं, यातही वाट पाहू नका. उलट्या काही दिवस चालू राहून चालताना तोल जाणं, दुहेरी दिसणं, गोंधळल्यासारखं होणं सुरू झालं तर बी-१ जीवनसत्त्वाची गंभीर कमतरता असू शकते. त्या वेळी ओळखीच्या डॉक्टरकडून नुसतं सलाइन लावून घेऊ नका. आपलं ऑपरेशन झालं आहे हे सांगा आणि सर्जनना कळवा, कारण आधी बी-१ न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

मधुमेह असेल तर शुगर रोज तपासा. ती फार लवकर उतरते, आणि जुन्या डोसने धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. बीपीच्या गोळ्यांचंही तेच.

८. मन सावरताना

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेकजणी रडत फोन करतात: 'का केलं मी हे?' घरात फोडणीचा वास, आपल्या हातात वाटीभर कढण, अंगात त्राण नाही, आणि त्यात वजनकाटा एकाएकी थांबलेला. तो असा थांबतोच, आणि पुन्हा हलतो. आठवड्यातून एकदाच वजन करा. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, तेही परत येतात.

पोट भरलेलं असताना खावंसं वाटलं तर 'मला आत्ता काय झालंय' असं स्वतःला विचारा. कंटाळा, राग, एकटेपणा यांपैकी काहीतरी सापडतं. त्यावर चालणं, फोन, वीणकाम असा दुसरा उपाय हाताशी ठेवा. दारू मात्र त्या जागी येऊ देऊ नका. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, ती वेगाने चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल तर समुपदेशकाची वेळ घ्या. मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलते.

९. पुढची वर्षं

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि लोह आयुष्यभर घ्यायचं असतं. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवा. वजन उतरल्यावर 'आता बरं आहे' म्हणून गोळ्या सोडणारे पुढे रक्तक्षय आणि हातापायाला मुंग्या घेऊन येतात. रक्ततपासणी वर्षातून एकदा तरी हवीच. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या, विशेषतः बायपासनंतर, टाळा आणि हे दंतवैद्यालाही सांगा. स्त्रियांची पाळी वजन उतरताच नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण मूल १२ ते १८ महिने थांबूनच. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, म्हणून दुसरी पद्धत विचारून घ्या.

वजन साधारण वर्ष-दीड वर्ष उतरतं. नंतर थोडं वाढतं, ते बहुतेकांचं वाढतं. याच टप्प्यावर लोक शरमेने तपासणीला येणं थांबवतात आणि वीस किलो वाढल्यावर उगवतात. चार-पाच किलो वाढले की फोन करा. आहारात कुठे काय सुटलं ते तेव्हा पटकन सापडतं, आणि गरज असेल तर औषधंही देता येतात.