अक्रोडाचं सॅम्पल घेण्याआधी विचारा: बी कुणाकडची?

काश्मीरात अक्रोडाच्या जनुकीय विविधतेवर काम करायला निघाला असाल, तर सीटॅब (पानातून डीएनए काढायची पद्धत), पीसीआर (डीएनएच्या प्रती बनवणं), एसएसआर (झाडांतला फरक दाखवणाऱ्या डीएनएतल्या खुणा) हे सगळं तुम्हाला येत असणारच. एवढंच सांगते, पान कोवळं घ्या, एप्रिल-मेमधलं. राठ झालेल्या पानातल्या पॉलिफेनॉल या रसायनांमुळे डीएनए तपकिरी उतरतो आणि पीसीआर अडून बसतो.

माझं पहिलं वर्ष मात्र सॅम्पलनं खाल्लं.

6 गावं, प्रत्येकी 10 झाडं. घराजवळची, रस्त्यालगतची, हात पोचेल अशी. निकालात 6 गावांचे 6 वेगळे गट दिसले आणि मी हरखून गेले. मार्गदर्शक म्हणाले, छान आहे, लिहायला घ्या. ते त्या गावांत कधी गेलेच नव्हते. सप्टेंबरात अक्रोड झोडायच्या वेळी मी परत गेले, तेव्हा एका आजोबांनी काठीनं अख्खा उतार दाखवला. ही सगळी त्या एका कागजीची, म्हणजे पातळ कवचाच्या अक्रोडाची पोरं, माझ्या वडिलांनी लावलेली, असं ते म्हणाले. माझ्या 10 पैकी 8 झाडं त्याच उतारावरची होती.

हे नीट समजून घ्या. तिथले जुने अक्रोड बहुतेक बियांपासून वाढलेले आहेत. ज्या झाडाचं फळ चांगलं त्याची बी लावतात, शेजारीही तीच मागून नेतो. परागण वाऱ्यानं होतं. नर आणि मादी फुलं एकाच झाडावर असली तरी बहुधा वेगवेगळ्या वेळी तयार होतात, म्हणून बाप वेगवेगळे, आई एक. अशी भावंडं मोजलीत की त्या एका आईचे ॲलील, म्हणजे जनुकांची रूपं, गावाचे म्हणून दिसतात. आपण कुटुंब मोजतो आणि त्याला समष्टी, म्हणजे गावातली सगळी अक्रोडाची झाडं, म्हणतो. पुढचं नुकसान मोठं आहे. कलम ज्या झाडाची फांदी घेतली फक्त त्याचीच जनुकं हुबेहूब टिकवतं, आणि संवर्धनासाठी जिवंत झाडं लावायला जागा मोजकीच असते. ती एकाच घराण्याच्या फांद्यांनी भरली, तर पलीकडचं एकटं झाड कुणाच्या लेखी उरत नाही.

झाडांत अंतर ठेवा असं पुस्तकात असतं. ते पुरेसं नाही. बी माणसाच्या खिशातून चार गावं ओलांडते. मालकाला विचारा. नंतर नातेसंबंधांचं विश्लेषण करा आणि एका आईची झाडं गावाचं चित्र बिघडवत आहेत का ते बघा. फक्त कागजी घेऊ नका, जाड कवचाचा वोंथही घ्या. दुसऱ्याचा तयार डेटा उचलून महिन्याभरात शोधनिबंध लिहायचा सल्ला मिळेल. मला तो पटत नाही, त्यात आजोबांची काठी दिसत नाही.

माझ्यासारखं झालं असेल तर खचू नका. जम्मू-काश्मीरात 1969 च्या कायद्यानं परवानगीशिवाय अक्रोड तोडता येत नाही, त्यामुळे तुमची झाडं बहुधा पुढच्या हंगामातही तिथेच असतील. डीएनए फेकू नका. तोच आता भावंडांचा पुरावा म्हणून माझ्या कामी येतोय.

माझ्या वहीत आता उंची, खोडाचा घेर, अक्षांश यांच्या आधी एक रकाना आहे: बी कुणाकडची. तो भरल्याशिवाय मी पान तोडत नाही.