हर्ट्झ, किलोहर्ट्झ, मेगाहर्ट्झ : या चुका टाळा

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं, म्हणजेच वारंवारतेचं एकक. हर्ट्झ, किलो, मेगा, गिगा. दर पायरीला हजार. मोठ्या एककाकडे जाताना भागा, लहानाकडे येताना गुणा. नियम एवढाच, तरी चुका त्याच त्याच होतात.

सगळ्यात महागात पडते ती फेऱ्यांची गल्लत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेलची लूम, म्हणजे माग, घ्या. मोटारीच्या पाटीवर 1440 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 1440 फेऱ्या, लिहिलेलं असतं. नवखा पोरगा 60 ने भागतो, 24 हर्ट्झ काढतो आणि ड्राइव्हला (सप्लायची वारंवारता बदलून मोटारीचा वेग ठरवणाऱ्या यंत्राला) 24 भरतो. भागाकार बरोबर, पण ती शाफ्टची वारंवारता झाली, सप्लायची नव्हे. अशा चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटारीत पोलच्या जोड्या दोन, म्हणून 50 हर्ट्झवर सेकंदाला 25 फेऱ्या, मिनिटाला 1500. त्यातल्या 60 स्लिपमध्ये जातात, म्हणजे शाफ्ट चुंबकीय क्षेत्रामागे तेवढा पडतो. 24 भरल्यावर मोटार 720 च्याही खाली फिरते, शाफ्टवरचा पंखा मंदावतो, लोडवर मोटार तापते. मग बेअरिंग खोलून बसतात! त्याच पाटीवर 50 हर्ट्झही छापलेलं असतं. आधी ते वाचा. आकड्यापुढे ‘सप्लाय’ की ‘शाफ्ट’ हे लिहिल्याशिवाय ड्राइव्हला हात लावू नका.

दुसरी चूक लहान-मोठ्या ‘एम’ची. मोठा एम म्हणजे मेगा, लहान एम म्हणजे मिली. फरक 10 च्या नवव्या घाताचा. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये फंक्शन जनरेटरवर (हव्या त्या वारंवारतेचे तरंग देणाऱ्या उपकरणावर) 10 मेगाहर्ट्झऐवजी 10 मिलिहर्ट्झ लागतं. एक आवर्तन 100 सेकंदांचं, त्यामुळे स्कोपवर, म्हणजे तरंग दाखवणाऱ्या पडद्यावर, नुसती रेष. प्रोब बदलतात, केबल बदलतात, शेवटी ‘जनरेटर गेला’ म्हणतात. एकक मात्र कुणी वाचत नाही. वहीत ‘मेगा’ किंवा ‘मिली’ पूर्ण अक्षरांत लिहायची सवय लावा. दोन सेकंद जास्त लागतात, लागू देत.

आवर्तकाळातून (एका आवर्तनाला लागणाऱ्या वेळातून) वारंवारता काढताना उपसर्गही उलटतो : मिलिसेकंदाचं उलट किलोहर्ट्झ, मायक्रोसेकंदाचं मेगाहर्ट्झ. 0.5 मिलिसेकंद म्हणजे 2 किलोहर्ट्झ. 20 मिलिसेकंद म्हणजे 0.05 किलोहर्ट्झ, म्हणजेच आपले घरचे 50 हर्ट्झ.

किलो म्हणजे इथे 1000 च. 1024 कॉम्प्युटरच्या मेमरीपुरतं ठेवा.

तरंगलांबीसाठी 300 भागिले वारंवारता हे सूत्र फक्त मेगाहर्ट्झला लागू. मीडियम वेव्हचे 600 किलोहर्ट्झ तसेच घातले तर उत्तर अर्धा मीटर येतं. आधी 0.6 मेगाहर्ट्झ करा, 500 मीटर मिळतील.